एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद

माझ्या सासऱ्यांना मी परीक्षेत नापास केलं, ही गोष्ट आमच्या नात्यात इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितली आहे की एकदा मीच ती नीट सांगून टाकावी म्हणते. कुणी सांगतं, मी त्यांना दोरावर लटकत ठेवून खालून निकाल वाचला. कुणी सांगतं, ते रागारागाने खाणीतून पायीच घरी निघून गेले. तसलं काहीही झालं नाही. खाण आमच्या घरापासून अठरा किलोमीटरवर आहे आणि गाडीची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, गिर्यारोहण क्लबात सगळे पालकाका म्हणतात. तरुणपणी ते कड्याला पालीसारखे चिकटत, म्हणून आधी नुसतंच 'पाल' होते. वय वाढलं तसं मागे काका लागलं. नवीन सभासदांना वाटतं ते 'पालक-काका' आहेत, सगळ्यांची काळजी वाहणारे. ते अगदीच चूक नाही, त्यामुळे कुणी दुरुस्त करायला जात नाही. चाळीस वर्षं त्यांनी डोंगरावर माणसं नेली आणि जितकी नेली तितकी परत आणली. मी सून होण्याआधी त्यांची विद्यार्थिनी होते. त्यांच्या मुलाशी ओळख नंतर झाली, आणि तीही जमिनीवरच, कारण माझ्या नवऱ्याला उंचीचं वावडं आहे. गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा तो मधल्या तारेवरचेच काढतो. कठड्याकडचे माझ्या वाट्याला.

मी लिफ्ट तपासते. इमारतीइमारतीत जाऊन दोर, ब्रेक, दरवाजे, कुलपं पाहायची, वजनं चढवून लिफ्ट खालीवर करायची आणि सगळं नियमात बसलं तर सही करायची. ती सही लिफ्टमध्ये काचेमागे लावतात. ती कुणी वाचत नाही. पण तिच्या भरवशावर माणसं अकराव्या मजल्यावर जातात, हे माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

आता परीक्षा मुळात आली कुठून, ते सांगते.

सात वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या एका क्लबाची तुकडी कड्यावर गेली होती. तुकडीतल्या एकाचा पाय निसटला, डोकं खडकावर आपटलं आणि तो बेशुद्ध होऊन दोरावर लटकला. वर असलेल्या नेत्याने दोर घट्ट धरून ठेवला, तेवढं त्याला येत होतं. पुढे काय करायचं ते येत नव्हतं. दुसरी तुकडी मदतीला येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. माणूस वाचला, पण अंगावरच्या पट्ट्यात इतका वेळ लटकल्यामुळे त्याचा डावा पाय कायमचा लंगडा झाला. तो घड्याळं दुरुस्त करतो. आम्ही सगळे त्याला घड्याळजी म्हणतो. प्रकरण कोर्टात गेलं. जाणकार म्हणून बाबांना साक्षीला बोलावलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "जबाबदार नेत्याला काय काय यायला हवं?"

बाबांनी पंधरा मिनिटं सांगितलं. कोर्ट अगदी गुंगून ऐकत होतं, असं आत्या सांगतात. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. त्या वकील आहेत. या खटल्याशी त्यांचा संबंध नव्हता, नुसत्या भावाची साक्ष ऐकायला मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"हे सगळं कुठे लिहिलेलं आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"लिहिलेलं नाही. आमच्या डोक्यात आहे."

"तुमचं डोकं मला पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही," त्या म्हणाल्या. सगळे हसले. बाबाही हसले. पण घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. जे लिहिलेलंच नाही, ते तू का पाळलं नाहीस असं त्या नेत्याला विचारायचं तरी कसं? तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवल्याशिवाय जाऊ नकोस असंही कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एक कोरी वही काढली आणि आत्यांना फोन केला. "लिहायचंय. तू ये."

"दादा, मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं."

"तुला चढवत नाही मी. वाक्यं बघायला ये."

त्यानंतर दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणापेक्षा कागदच जास्त होते. बाबा, आत्या, मी, दुसऱ्या क्लबाचे एक दंतवैद्य आणि घड्याळजी. घड्याळजींना बोलवायचं की नाही यावर आम्ही आठवडाभर घोळ घालत बसलो होतो. शेवटी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, परस्पर फोन करून त्यांना बोलावून घेतलं. आई तीस वर्षं इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. रुग्णाला टाळून रुग्णाबद्दल चर्चा करणं त्यांना खपत नाही. घड्याळजी आले, काठी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मी एकटाच असा आहे ज्याने हा प्रकार खालून बघितलाय."

आत्यांची खरी लढाई शब्दांशी होती. बाबांच्या पहिल्या मसुद्यात 'शक्यतो' हा शब्द चौतीस वेळा होता. 'नेत्याने शक्यतो हवामानाची माहिती घ्यावी.' 'शक्यतो दोन दोर बरोबर असावेत.' आत्यांनी लाल पेन्सिल घेऊन सगळे 'शक्यतो' उडवले.

"अगं, डोंगरावर सगळं शक्य नसतं," बाबा कळवळून म्हणाले.

"मग काय शक्य नसेल तेव्हा काय करायचं, ते लिही. 'शक्यतो' म्हणजे पळवाट. कोर्टात उभं राहून 'शक्य झालं नाही' म्हटलं की संपलं. तुझ्या या चौतीस भोकांतून आख्खा हत्ती निघून जाईल."

"हत्ती कड्यावर कशाला येईल?" दंतवैद्यांनी विचारलं, आणि त्या दिवशीची बैठक तिथेच आटोपली.

फॉर्मवरूनही अशीच जुंपली. दंतवैद्यांचं म्हणणं, प्रत्येक सभासदाकडून 'मी माझ्या जबाबदारीवर येत आहे' असं लिहून घेतलं की नेता मोकळा. आत्या म्हणाल्या, "डोंगर निसरडा आहे हे मान्य करून माणूस सही करतो. तुमचा दोर कुजका आहे हे मान्य करून नाही करत. स्वतःची चूक तुम्हाला दुसऱ्याच्या सहीखाली लपवता येणार नाही." दंतवैद्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग स्वतःच्या दवाखान्यातला फॉर्म आत्यांना दाखवायला आणला.

एक कलम मात्र कुणाशीही न भांडता झालं. वाटेत दुसऱ्या कुणाची तुकडी अडचणीत दिसली तर आपलं शिखर सोडून आधी त्यांना मदत करायची. आत्या म्हणाल्या, कायद्याने हे कुणावर लादता येईल असं मला वाटत नाही. बाबा म्हणाले, "कायद्यासाठी नाही लिहीत. आरशात बघता यावं म्हणून लिहितोय." आत्यांनी त्या वाक्याला पेन्सिल लावली नाही.

शेवटचा प्रश्न होता परीक्षेचा. प्रमाणपत्राशिवाय कुणी तुकडी नेऊ नये हे ठरलं. चार क्लब एकत्र आले होते, आणि चारी क्लबांतल्या ज्येष्ठांकडून निरोप आला की पंचवीस वर्षांहून अधिक अनुभव असलेल्यांना परीक्षेतून सूट असावी. असे एकूण आठ जण होते. त्यातले एक आमचे बाबा.

बाबांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. "सूट नाही," ते म्हणाले. "अनुभव आहे ना? मग परीक्षेला घाबरायचं कारण काय?"

बाकीच्या सात जणांनी घाबरायचं कारण काय ते सांगितलं नाही, पण अर्जही भरले नाहीत. आज भरू, उद्या भरू चाललं होतं. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी भरला.

परीक्षकांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची होती. परीक्षक चौघेच होते, आधी एकमेकांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळवलेले. चिठ्ठ्या निघाल्या दंतवैद्यांच्या आणि माझ्या. मी लगेच आत्यांना म्हटलं, "सुनेने सासऱ्यांची परीक्षा घेणं बरोबर नाही. मी बाजूला होते."

आत्यांनी मसुदा उलटासुलटा चाळला आणि कपाळावर हात मारला. "नातेवाइकांचं कलम राहिलंच की गं! दोन वर्षं घासलं आणि हेच राहिलं." पण उरलेल्या दोन परीक्षकांपैकी एकाचा घोटा प्लास्टरमध्ये होता आणि दुसरा परदेशात होता. परीक्षा पुढे ढकलावी तर बाबांची मोहीम दोन आठवड्यांवर आलेली. शेवटी ठरलं की मी थांबायचं, पण सगळं व्हिडिओवर घ्यायचं आणि वेळ तिसऱ्याने मोजायची. वेळ मोजायला घड्याळजी.

बाबांना कळलं तेव्हा ते उलट खूशच झाले. "तीच बरी. उगाच कुणी म्हणायला नको, पालकाका म्हणून पास केला." आणि मला म्हणाले, "हयगय करायची नाही हं. घरी बघून घेईन वगैरे काही नाही."

खाण शहराबाहेर आहे. दगड काढणं कधीच थांबलंय. आता तिच्या उभ्या भिंती आम्ही सरावाला वापरतो. त्या रविवारी सकाळी स्वच्छ ऊन होतं. लेखी परीक्षा आधीच झाली होती आणि त्यात बाबांना पैकीच्या पैकी होते. प्रश्न त्यांच्याच वहीतले होते म्हणा. उरलं होतं ते प्रात्यक्षिक.

प्रात्यक्षिक असं. परीक्षार्थी भिंतीवर पंधरा मीटर उंचीच्या कट्ट्यावर उभा. त्याच्या हातातल्या दोराला खाली सत्तर किलोंचा पुतळा लटकलेला. पुतळा म्हणजे वाळू भरलेला बॉयलरसूट. त्याचं नाव भाऊसाहेब. भाऊसाहेब बेशुद्ध आहेत असं धरायचं. दोर खडकातल्या खिळ्याला बांधून स्वतःचे हात मोकळे करायचे, दुसऱ्या दोराने खाली उतरायचं, भाऊसाहेबांना स्वतःला अडकवून घ्यायचं, त्यांचा मूळ दोर सोडवायचा आणि दोघांनी जमिनीवर यायचं. वेळ वीस मिनिटं. बेशुद्ध माणसाला पट्ट्यात फार वेळ लटकत ठेवणं धोक्याचं, म्हणून. हा आकडा बाबांचाच. आम्ही पंचवीस म्हणत होतो. त्यांनी घड्याळजींच्या पायाकडे बघितलं होतं आणि वीस लिहिलं होतं.

"सुरू," घड्याळजी म्हणाले.

बाबांना दोरावर बघणं म्हणजे डोळ्यांचं सुख. हालचाल कशी मोजकी, कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. सहाव्या मिनिटाला ते भाऊसाहेबांपाशी होते. "घाबरू नकोस, मी आलोय," त्यांनी वाळूच्या पोत्याला सांगितलं. हे ते प्रत्येकाला सांगतात. पुतळ्याला सोडायचं कारण नव्हतं. भाऊसाहेबांचा श्वास तपासला, मान आधाराला लावली, पट्टा स्वतःच्या पट्ट्यात अडकवला. मी मनात म्हटलं, बारा मिनिटांत खाली येतात.

मग भाऊसाहेबांचा मूळ दोर सोडवायला त्यांनी वरच्या गाठीचं लोंबतं टोक खालून ओढलं, आणि गाठ सुटेना.

मला खालूनही दिसलं काय झालं होतं ते. त्यांनी हात मोकळे करताना दोराला चाळीस वर्षांची सवयीची गाठ मारली होती. ती गाठ वजन पडलं की आवळत जाते. आमच्या नियमावलीत पान अकरावर स्पष्ट लिहिलंय की इथे वजनाखालीही सुटणारीच गाठ हवी. पान अकरा बाबांनी स्वतः लिहिलेलं. डोक्याने लिहिलं होतं, हातांनी वाचलंच नव्हतं.

भाऊसाहेबांना स्वतःपासून सोडवून ते परत वर चढले. वजन दुसऱ्या दोरावर घेतलं, गाठ सैल केली, पुन्हा उतरले. सगळं अचूक. पण मिनिटं पळत होती. ते भाऊसाहेबांना मिठीत घेऊन जमिनीला टेकले, त्यांना अलगद आडवं केलं, आणि घड्याळजींनी कळ दाबली.

"एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद."

 क्लबातले वीसेक जण बघायला आले होते. सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. दंतवैद्य माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, दीड-पावणेदोन मिनिटांचं काय घेऊन बसायचं! गाठ अडकल्यावर त्यांनी जे केलं ते किती जणांना जमेल? माणूस कोण आहे बघा की."

ते चूक नव्हतं. गाठ अडकल्यावर त्यांनी जे केलं ते मला जमलं नसतं. माझ्या हातात कागद होता, त्यावर दोन चौकोन होते, वरचा 'पास' आणि खालचा 'नापास'. ज्या माणसाने मला पहिली गाठ शिकवली त्याच्या नावापुढे मी काय लिहायचं?

घड्याळजींनी ऐकलं असावं. "पावणेदोन मिनिटं लटकून बघा एकदा, डॉक्टर," ते हसत म्हणाले. चेष्टेतच म्हणाले. पण दंतवैद्य मागे सरले.

मी बाबांकडे गेले. ते भाऊसाहेबांशेजारी मांडी घालून पाणी पीत होते.

"बाबा, वेळ जास्त झाली."

"किती?"

सांगितलं.

"गाठ," ते म्हणाले.

"हो. पान अकरा."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. चेहरा लालबुंद झाला होता. ऊन होतं की दुसरं काही, कळेना. मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, दोन्ही चौकोन बघितले, आणि बोटाने खालचा दाखवला. "इथे कर खूण. आणि जोरात सांग सगळ्यांना. पुटपुटू नकोस. पुटपुटलीस तर लोकांना वाटेल लाज वाटण्यासारखं आहे."

मी जोरात सांगितलं. माझा आवाज खाणीत घुमला आणि दोनदा परत आला, त्यामुळे बाबा तीनदा नापास झाले. पहिले हसले ते स्वतः बाबा. मग घड्याळजी, मग सगळी खाण.

खाणीत ते हसले खरे, पण ते हसू तिथपर्यंतच. घरी आईंनी दार उघडलं, त्यांचा चेहरा बघितला, माझा बघितला.

"काय झालं?"

"नापास," बाबा म्हणाले.

"कुणी केलं?"

"हिने."

आईंनी मला आत ओढलं आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी चपलांच्या कपाटावर आदळले. "चाळीस वर्षं मी वाट बघतेय, कुणीतरी यांना चूक दाखवेल म्हणून," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाबा तोंड फुगवून आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते हातात दोराचा तुकडा घेऊन.

सहा आठवड्यांनी परीक्षा पुन्हा देता येते. त्या सहा आठवड्यांत आमच्या घराच्या जिन्याची पार रया गेली. दोन मजल्यांमधल्या कठड्याला दोर, आणि खालच्या पायरीवर उशीला टेकून आई बेशुद्ध. बाबा वरून गाठ मारायचे, सोडवायचे, पुन्हा मारायचे.

"अहो, पट्टा काखेत रुततोय."

"बेशुद्ध माणूस बोलत नाही."

"मग शुद्धीवर आले समजा. आणि माझी मान धरताना हात असा नाही, असा घ्यायचा. तीस वर्षं माणसं उचललीत मी."

बाबांनी हात तसा घेतला. ती पद्धत खरंच बरी होती. ती आता पान बारावर आहे.

पण मधे ती मोहीम होती. बारा जणांची तुकडी, महिन्याभरापूर्वी ठरलेली, नेता पालकाका. आता नियमाप्रमाणे त्यांना नेता म्हणून जाता येत नव्हतं. क्लबात प्रमाणपत्र असलेली आणि त्या आठवड्यात मोकळी अशी मी एकटीच होते. कुणीतरी सुचवलं की कागदावर माझं नाव टाकू, प्रत्यक्षात पालकाकाच नेतील. बाबांनी त्या माणसाकडे असं बघितलं की तो पुढे चहा आणायच्या निमित्ताने गेला तो आलाच नाही.

"मी येणार," बाबा म्हणाले, "पण सभासद म्हणून. फॉर्म दे."

त्यांनी फॉर्म भरला. अनुभव या रकान्यात 'थोडाफार' लिहिलं. मी तो परत दिला आणि म्हटलं, नीट भरा, ही माहिती आणीबाणीत लागते. त्यांनी नीट भरला.

डोंगरावर पहिला तासभर मला पाठीत डोळे फुटल्यासारखं झालं होतं. आपण पाऊल कुठे टाकतो, वळण कुठे घेतो, सगळं ते बघत असणार. एका घळीपाशी मी वाट चुकतेय की काय असं वाटून मागे वळले, तर बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते गुडघ्यांवर बसून खडकाच्या भेगेतलं काहीतरी न्याहाळत होते.

"बाबा, रांग सोडायची नाही."

"हे बघ ना! किती बारीक निळी फुलं आहेत. ही इथे कायम असतात?"

"तुम्ही इथे तीस वेळा आलाय."

"आलोय गं. पण मी कायम माणसांचे पाय बघत होतो." ते उठले, गुडघे झटकले. "अकरा जणांचे बावीस पाय. चाळीस वर्षं मी डोंगरावर पायच बघितलेत."

त्यानंतर ते सुटीवर आल्यासारखे झाले. शीळ घातली. पक्ष्यांची नावं तुकडीतल्या एका ग्रंथपाल बाईंना विचारली आणि प्रत्येक नावाला "अरे वा" म्हणाले. फोटो काढायला कड्याच्या टोकाशी गेले, तेव्हा मी ओरडले. चाळीस वर्षं ज्या वाक्याने ते लोकांवर ओरडायचे, तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, "मागे या, तिथे तुमची सासुरवाडी आहे का?"  बाबा मुकाट्याने मागे आले आणि माझ्या शेजारून जाताना पुटपुटले, "आवाज चांगला लागला."

शिखराच्या खाली शंभर-एक मीटरवर वारा फिरला. ढग खालून वर यायला लागले. नियमाप्रमाणे परत फिरण्याची वेळ व्हायला वीस मिनिटं होती. वर पोचायला पंचवीस लागणार होती. शिखर समोर दिसत होतं. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. मला ठाऊक होतं, बाबांनी जुन्या काळात अशा वेळी तुकडी वर नेली असती. दोनदा नेली होतीच. मी होते बरोबर.

मी म्हटलं, "परत फिरायचं."

कुणीतरी हळहळलं. एकाने तर चक्क बाबांकडे बघितलं, ते काहीतरी म्हणतील म्हणून. बाबांनी सॅक पाठीवर घेतली, पट्टा आवळला, आणि सगळ्यांच्या आधी तोंड खालच्या वाटेला केलं. "नेत्याने सांगितलंय," ते म्हणाले. "चला, शिखर पळून जात नाही."

आम्ही झाडीच्या रेषेपर्यंत उतरलो तेव्हा वर डोंगर दिसेनासा झाला होता. तिथे वारा नव्हता. सगळ्यांनी डबे उघडले, आणि शिखर हुकलेली तुकडी इतकी मजेत जेवताना मी कधी पाहिली नव्हती. बाबा माझ्याजवळ येऊन बसले.

"दोनदा मी वर नेली होती," ते म्हणाले. "तुला आठवतं?"

"आठवतं."

"दोन्ही वेळा नशीब होतं. तेव्हा मला वाटायचं, मी होतो." त्यांनी माझ्या डब्यातला अर्धा टोमॅटो न विचारता उचलला. "हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं."

आम्ही परत आलो त्या सोमवारी संध्याकाळी क्लबाच्या पत्रपेटीत सात अर्ज होते. सातही ज्येष्ठांचे. आत्यांनी मोजले, पुन्हा मोजले. पालकाकाच नापास होऊ शकतात, तर आपण झालो म्हणून कुणाचं नाक कापलं जाणार नाही, असा सगळ्यांनी हिशेब केला असणार. एकाने तर अर्जासोबत चिठ्ठी जोडली होती : 'माझ्याही हातांना जुनीच गाठ येते. नवी कोण शिकवेल?'

नवी बाबांनी शिकवली. सहावा आठवडा उजाडेपर्यंत आमच्या जिन्यावर आठ म्हातारे होते. नवऱ्याला ऑफिसातून आल्यावर घरात शिरायला प्रत्येकाला 'जरा सरकता का' म्हणावं लागायचं. आईंनी बेशुद्ध पडायच्या पाळ्या लावल्या आणि स्वतः खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या. आत्या एक दिवस बघायला आल्या, तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या, त्यांना गरगरलं. त्या दिवशी म्हाताऱ्यांना खरा रुग्ण मिळाला.

फेरपरीक्षेला परीक्षक म्हणून मी नव्हते. नातेवाइकांचं कलम तोवर आलं होतं, आणि घोटा प्लास्टरमध्ये असलेला परीक्षक बरा झाला होता. मी नुसती बघायला गेले. एकामागून एक आठ जण त्या कट्ट्यावर उभे राहिले. दोघे नापास झाले आणि खाली येऊन एकमेकांशी हात मिळवून पुढची तारीख ठरवू लागले. बाबांचा नंबर शेवटचा होता. या वेळी गाठ एका ओढीत सुटली. सोळा मिनिटं, दहा सेकंद.

घड्याळजींनी वेळ सांगितली, काठी बाजूला टाकली आणि बाबांना मिठी मारली. बराच वेळ दोघेही सुटेनात. मग आईंनी नाडी बघायच्या निमित्ताने बाबांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

प्रमाणपत्र त्यांनी भिंतीवर लावलं नाही. ते सॅकच्या आतल्या कप्प्यात असतं. त्या वर्षीच्या उरलेल्या मोहिमांची यादी क्लबात लागली तेव्हा पहिल्या दोन मोहिमांना नेता म्हणून त्यांचं नाव होतं. तिसरीला त्यांनी सभासद म्हणून अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, आणि 'विशेष सूचना' असा जो रकाना कुणीच कधी भरत नाही, तिथे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं : 'फुलं ओळखणाऱ्या बाईंच्या मागे जागा मिळावी.'

मी मंजूर केला.